जुन्या वाड्यांचा हिशेब

दीपावलीच्या आगेमागे, ३१ ऑक्टोबरला, पाश्चात्त्य देशांत हॅलोविन साजरा होतो. दुसरा दिवस ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा. त्याच्या आदल्या रात्री मृतात्मे भूतलावर येतात, ही आयर्लंड-स्कॉटलंडकडील जुनी लोकसमजूत. आपल्या परदेशस्थ कुटुंबांतील मुलेही त्या दिवशी मुखवटे घालून घरोघर खाऊ मागतात. वडीलधाऱ्यांना त्यात मिथ्यात्व दिसते आणि तो आक्षेप अगदीच अस्थानी नाही. मात्र याच दिवसांत तेथील रसिक ज्या कादंबऱ्या पुन्हा हाती घेतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. ‘गॉथिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या भयप्रधान कादंबऱ्यांपैकी मला प्रिय असलेल्या चारांचा परिचय येथे करून देत आहे.

या प्रकाराचा आरंभ होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानला जातो. इटलीतील एका गढीत राजपुत्राचा विवाह ठरलेला असतो. त्याच दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण वरून कोसळते आणि तो त्याखाली चिरडून मरतो. असे चमत्कार आज बाळबोध वाटतील. खरे रहस्य कागदपत्रांत आहे. गढीचा स्वामी मॅनफ्रेड याच्या आजोबांनी आपल्या धन्याला विष घालून, खोट्या मृत्युपत्राच्या आधारे ही सारी मालमत्ता बळकावलेली असते. अखेरीस मॅनफ्रेडच्या हातून चुकून स्वतःच्याच मुलीची हत्या घडते आणि गढी खऱ्या वारसाकडे जाते.

येथे जैन वाचक थबकेल. आजोबांच्या पापाचे फळ नातवाने आणि पतवंडांनी का भोगावे? आपला सिद्धान्त स्पष्ट आहे : जो जीव कर्म बांधतो, तोच ते भोगतो. पित्याचे कर्म पुत्राच्या खाती वर्ग होत नाही. वॉलपोल या शंकेत फारसे शिरत नाहीत. तिचा खोलवर विचार केला तो ८७ वर्षांनंतर नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी.

त्यांच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ (१८५१) या कादंबरीमागे अमेरिकेतील सेलम गावाच्या स्मृती आहेत. १६९२ मध्ये त्या गावी चेटकाच्या आरोपावरून निरपराध स्त्री-पुरुषांना फाशी देण्यात आले. त्या खटल्यांतील एक न्यायाधीश हे लेखकाचे खापरपणजोबा होते. म्हणजे हा प्रश्न हॉथॉर्न यांच्या स्वतःच्या घरातलाच होता.

कथेतील कर्नल पिंचन यांना मॅथ्यू मॉल या सामान्य माणसाची गोड्या झऱ्याजवळची जमीन हवी असते. मॉलवर चेटकाचा आळ येतो, त्याला फाशी होते आणि जमीन कर्नलच्या हाती जाते. तिच्यावर सात त्रिकोणी माथ्यांचा वाडा उभा राहतो. परंतु झऱ्याचे पाणी मचूळ होते आणि वास्तूच्या समारंभादिवशीच कर्नल आपल्या खुर्चीत मृत आढळतात. पुढे पिढ्यान् पिढ्या वाडा त्याच घराण्यात राहतो. हॉथॉर्न विचारतात : ज्या वारसाला तो अन्याय ठाऊक आहे आणि तरीही जो त्याचे परिमार्जन करीत नाही, तो पूर्वजाचा अपराध स्वतः नव्यानेच करीत नाही काय?

कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्मबंधाचे तीन मार्ग लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न परका वाटू नये. चोरीचा माल घेणे हा तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितलेला आहे. चोरी स्वतः केली नाही, एवढ्याने सुटका होत नाही. पेढी, वाडा, शेतजमीन आपणांस वारशाने मिळते. त्यात एखाद्या भागीदाराचा न दिलेला वाटा असेल, एखाद्या विधवा काकूचा बुडालेला हक्क असेल, अक्षरशत्रू कुळाच्या अंगठ्यावर लिहून घेतलेले खत असेल. ‘आम्ही तर काही केले नाही’, हे उत्तर पिंचन घराण्यातील प्रत्येक पिढीकडे तयार होते.

याच कादंबरीतील हेप्झिबा ही वृद्ध अविवाहिता व्यापारी वाचकाला विशेष आवडेल. घराण्याच्या मोठेपणात आयुष्य घालवलेली ही स्त्री उपजीविकेसाठी वाड्याच्या कोपऱ्यात किरकोळ दुकान थाटते. पहिल्या गिऱ्हाइकापुढे ती लाजेने अर्धमेली होते. प्रामाणिकपणे मिळवलेल्या त्या चार नाण्यांची किंमत साऱ्या वाड्याहून अधिक वाटू लागते.

उरलेल्या दोहोंचा उल्लेख थोडक्यात करतो. मेरी शेली यांना ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) ही कथा १८१६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, जिनिव्हा सरोवराकाठी सुचली. एक शास्त्रज्ञ कृत्रिम मानव निर्माण करतो आणि त्याचे रूप पाहताच त्याला टाकून पळतो. चित्रपटांमुळे ‘राक्षस’ ठरलेला हा जीव मूळ कादंबरीत कोकरांचा बळी न घेता कंद-फळांवर जगतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे त्याच्या हातून हिंसा घडते ती सर्वांनी झिडकारल्यानंतर. ऑस्कर वाइल्ड यांच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मध्ये (१८९१) नायक चिरतरुण राहतो आणि त्याच्या दुष्कृत्यांचे डाग त्याच्या तसबिरीवर उमटत जातात. जांभळाचे झाड आणि सहा वाटसरू यांच्या चित्रावरून आपण लेश्या समजावून घेतल्या. ही तसबीर म्हणजे कृष्ण लेश्येचेच चित्र होय. यात हत्या आणि आत्मघात असल्याने ती प्रौढ वाचकांनीच वाचावी. पहिल्या तीन महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती निःशंकपणे द्याव्यात आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलावे.

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी आपल्याकडे वहीपूजन होते. नव्या वहीवर शुभ-लाभ लिहिण्यापूर्वी जुन्या वह्याही एकदा उघडून पाहाव्यात. एखाद्या नावापुढे काही देणे राहिले असेल, तर दिवाळीच्या भेटीगाठींत त्या घरीही जाऊन यावे.

जय जिनेंद्र!