जुनी पद्मिनी खडखडते, म्हणून कापायची का?

घरात जुनी पद्मिनी असेल, तर हे तुमच्याही ओळखीचं असेल. खड्डा आला की पुढून खडखड, वळणावर गाडी डुलते, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते. मागे बसलेली आजी म्हणते, "पूर्वी अशी नव्हती हो ही." आणि गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, पुढचा सगळा सेटच बदलू. नव्या गाडीचा बसवू."

माझ्या मामाच्या 1978च्या गाडीबाबत हेच झालं. मामा तयारही झाला होता. मी म्हटलं, आधी आजीचं ऐक. पूर्वी अशी नव्हती, म्हणजे रचना वाईट नाही, झिजली आहे.

पद्मिनी मूळची इटलीची फियाट 1100. मागे कमानपाटे, पण पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग. हीच रचना मुंबईच्या खड्ड्यांतून टॅक्सी म्हणून 2023पर्यंत धावली!

तेव्हा आधी तपासा. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेले. मग चाक जॅकवर उचला, खाली भक्कम स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवताना खेळ जाणवला, तर किंगपिन किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे जाणवला, तर बहुतेक टाय रॉड. रबरी बुश तर चिरलेले डोळ्यांनीच दिसतात. कॉइल स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.

आता किटबद्दल. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी पुढचं आख्खं सस्पेन्शन खोक्यात मिळतं, त्यातली बरीचशी 1974च्या फोर्ड मस्टँग टूच्या रचनेवर बेतलेली. जुन्या मस्टँगला ते लावायचं तर इंजिनाशेजारचे शॉक टॉवर कापावे लागतात. आपल्याकडचा 'सेट' म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीचे भाग वेल्डिंग करून बसवणं. त्यात आर्म आणि टाय रॉड यांचा मेळ जरा चुकला, की खड्ड्यात चाक वर जाताना आपोआप वळतं. तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलंय आणि गाडी भलतीकडे! नव्या भागांचं कौतुक तिथेच संपतं.

मोठं इंजिन बसवलं असेल किंवा पुढे डिस्क ब्रेक हवे असतील, तर किटचा विचार मला पटतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार आरसीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल चालत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारा. शिवाय 2021च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, ती मूळ रूपात असेल तर. चेसिस कापलं की ते दार बंद. मामाची गाडी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे, हे त्या गॅरेजवाल्याला कोण सांगणार?

शेवटी किंगपिन, बुश आणि शॉकअप बदलले, अलाइनमेंट केलं. आता दर काही महिन्यांनी मामा स्वतः ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरतो.

खडखड गेली, ओढणंही गेलं. वळणावर अजून थोडी डुलते. मामा म्हणतो, तेवढी ती 1978मध्येही डुलायची, आईला आठवत नाही इतकंच.