प्रश्न काय होता?

परवा ऑफिसात जेवताना एक छोटासा प्रयोग केला. टेबलावर आम्ही सहाजण होतो. मी विचारलं, "२०१३ चं ते धरणाचं वाक्य आठवतंय का रे कुणाला?" पाचही जणांना आठवत होतं. एकजण तर तेव्हा शाळेत होता, त्यालाही. दोघांनी ते हसत हसत म्हणूनही दाखवलं.

मग विचारलं, "बरं, मागणी काय होती? कुठल्या धरणाचं पाणी? मागत कोण होतं?"

शांतता. एकाने कोयना म्हणून पाहिलं. बाकीच्यांनी डब्यात लक्ष घातलं.

तर उत्तर असं आहे. २०१३ चा उन्हाळा, राज्यात भीषण दुष्काळ. सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी उजनीचं पाणी सोडा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर कित्येक आठवडे उपोषणाला बसला होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत त्याच्याबद्दल बोलता बोलता ते वाक्य बोलून गेले. वाक्य अमर झालं. शेतकरी आणि उजनी मात्र आमच्या टेबलावरच्या एकालाही आठवली नाही.

राजकारणातली भाषा घसरली, असं आपण सगळेच म्हणतो. म्हणायला सोपं आहे, कारण ते म्हटलं की आपण आपोआप सभ्य माणसांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. पण घसरली म्हणजे नक्की काय झालं? वाईट शब्द ऐकू येतात, कानाला त्रास होतो, मुलांसमोर टीव्ही बंद करावा लागतो, एवढंच? मला वाटतं खरं नुकसान वेगळं आहे. अपशब्द प्रश्नाला पळवून लावतो. शिवी दिली की समोरच्याने काय विचारलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. ना त्याला, ना आपल्याला, ना टीव्हीवाल्यांना.

आता कुणी म्हणेल, पूर्वी काय सगळे साजूक तुपातलं बोलायचे का? मुळीच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांनी १९५६ साली 'मराठा' काढला आणि त्यातून विरोधकांची जी सालटी काढली, ती आज कुणी काढली तर चार पोलीस स्टेशनांत तक्रारी होतील. बाळासाहेब ठाकरे भर सभेत शरद पवारांच्या अंगकाठीवरून टिंगल करायचे आणि मैदानं हसायची. त्याच बाळासाहेबांच्या शिवसेनेने २००६ मध्ये सुप्रिया सुळ्यांविरुद्ध राज्यसभेला उमेदवार दिला नाही, त्या बिनविरोध निवडून आल्या. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावाही. पण कुणाच्या शरीरावरून हसणं तेव्हाही वाईटच होतं. हसणाऱ्यांत माझ्या घरचेही होते.

तेव्हा जुन्या काळाची आरती मला करायची नाही. फक्त एक उदाहरण सांगतो. १९६३ साली लोकसभेत राममनोहर लोहिया नेहरूंवर तुटून पडले. मुद्दा असा, की एकट्या पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतात आणि देशातले कोट्यवधी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. आता याहून बोचरा आणि वैयक्तिक हल्ला कुठला असेल? पण त्यात एक आकडा होता. म्हणजे उत्तर देता येत होतं. सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला आणि 'तीन आणे विरुद्ध पंधरा आणे' अशी जोरदार चर्चा झाली. साठ वर्षांनंतरही त्या भांडणातला प्रश्न लोकांच्या लक्षात आहे. गरीब माणूस रोज कितीत जगतो, हा तो प्रश्न.

माझ्या लेखी सभ्यतेची कसोटी एवढीच आहे. बोलणं गोड हवं असं नाही. त्याला उत्तर देता आलं पाहिजे. 'तुमचा आकडा खोटा आहे' याला उत्तर देता येतं. 'तू नीच आहेस' याला काय उत्तर देणार?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लवकर कळतं, कारण पोट त्यावर चालतं. कोड रिव्ह्यूमध्ये "हा लूप शेवटच्या रेकॉर्डला फसेल" असं कुणी लिहिलं तर मी तो लूप तपासतो. पहिल्या नोकरीत आमचे एक सीनियर होते, ते सगळ्यांसमोर "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" असं विचारायचे. परिणाम काय, तर त्यांच्यापुढे कोणी काही दाखवेनासं झालं. सगळे बग थेट क्लायंटकडे. गाढव कोण ते ठरलं, लूप तसाच राहिला.

राजकारणात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. २१ सप्टेंबर २०२३. नव्या संसद भवनातला कामकाजाचा पहिलाच आठवडा. चांद्रयान-३ महिन्याभरापूर्वीच चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेलं, आणि त्यावर लोकसभेत चर्चा. आमच्यासारख्यांनी खरं तर कान देऊन ऐकावी अशी. त्या चर्चेत भाजपचे रमेश बिधुरी यांनी दानिश अली यांना त्यांच्या धर्मावरून शिव्या दिल्या. अध्यक्षांनी ते शब्द कामकाजातून काढून टाकले. आता सांगा, त्या चर्चेतलं चांद्रयानाबद्दलचं एक तरी वाक्य तुम्हाला आठवतंय? मला नाही आठवत.

शब्द काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना नियम ३८० देतो. नियम चांगलाच आहे, पण तो कागदी इतिवृत्ताच्या काळातला. २००६ मध्ये लोकसभा टीव्ही आला, २०२१ पासून संसद टीव्ही आहे, आणि खिशाखिशात मोबाइल. लॉगमधून ओळ पुसली तरी डेटा शंभर जागी कॉपी झालेला असतो. उलट पुसलेलीच ओळ सगळ्यात जास्त पाहिली जाते.

त्यातून पुढाऱ्यांनी काय शिकायचं ते शिकलेत. ज्या गोष्टीचं मोजमाप होतं तीच वाढते, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. चाळीस मिनिटं सिंचनावर अभ्यासपूर्ण बोललात तर तुम्ही कुठेच नसता. वीस सेकंद घाण बोललात की रात्रीपर्यंत राज्यभर. मग शहाण्या माणसाने काय करावं?

आणि त्याची किंमतही स्वस्त होत चाललीय. २०१३ मध्ये अजित पवारांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश उपोषणाला बसले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण एवढं करणं भाग आहे असं निदान वाटलं. २०१७ मध्ये मणिशंकर अय्यर यांनी पंतप्रधानांसाठी 'नीच' शब्द वापरला आणि काँग्रेसने त्याच दिवशी त्यांना निलंबित केलं. पुढल्या वर्षी निलंबन मागेही घेतलं म्हणा. बिधुरींना पक्षाने नोटीस दिली, आणि आठवड्याभरात राजस्थानातल्या एका जिल्ह्याची निवडणुकीची जबाबदारीही दिली. २०२४ ला त्यांना लोकसभेचं तिकीट मिळालं नाही हे खरं, पण २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेचं मिळालं. त्या प्रचारात ते प्रियांका गांधींबद्दल अचकट विचकट बोलले आणि पुन्हा खेद व्यक्त केला. शेवटी हरले.

माफीचेही आता तयार साचे आहेत. एक, शब्दकोशाचा. २०२० मध्ये संजय राऊतांनी कंगना रनौतसाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ नंतर 'खट्याळ'च्या जवळपास नेऊन ठेवला. दोन, भाषा कच्ची असल्याचा. अय्यर यांनी माझं हिंदी चांगलं नाही असं सांगितलं. तीन, आणि सगळ्यात लोकप्रिय, 'जर'चा. २०२२ मध्ये अब्दुल सत्तार सुप्रिया सुळ्यांबद्दल जे बोलले, त्यानंतर आला तो हा. मनं दुखावली असतील तर खेद आहे. म्हणजे चूक बोलणाऱ्याची नाही, दुखणाऱ्याची!

ही उदाहरणं मुद्दाम सगळ्या पक्षांतून घेतलीत, नाहीतर तुम्ही लगेच माझा पक्ष शोधायला लागाल. पण ती एकाखाली एक लिहिल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'नीच' शब्दाला जातीचा वास आहे. दानिश अलींना दिलेली शिवी धर्मावरून. राऊत, सत्तार आणि नंतरचे बिधुरी, तिघांचं लक्ष्य बायका. म्हणजे शिवी ज्याला दिली त्याच्यावर थांबत नाही. जो भांडणात नाहीच, त्यालाही ती लागते.

आणि शब्दावर थांबत नाही. १७ जुलै २०२५ ला मुंबईत, चक्क विधान भवनाच्या लॉबीत, जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांचे समर्थक एकमेकांना भिडले. त्याआधीचे दिवस दोन्ही आमदारांच्या शाब्दिक चकमकीचे. शब्द आमदारांचे, मार आणि गुन्हे कार्यकर्त्यांच्या नावावर.

मग कायदा वापरा, असं बरेच जण म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. २०२१ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना कानाखाली मारण्याची भाषा केली म्हणून नारायण राणेंना अटक झाली. केंद्रीय मंत्री असताना! रात्री जामीन. २०२३ मध्ये मोदी आडनावाबद्दलच्या वक्तव्यावरून राहुल गांधींना सुरतच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि खासदारकी परत आली. दोन्ही वेळा पोलीस, वकील, कॅमेरे यांची धावपळ झाली. भाषा सुधारली का? आणि अटकेचं बटण नेहमी सत्तेत असणाऱ्याच्या हातात असतं, हेही विसरू नये. एखाद्या समाजाविरुद्ध हिंसा भडकवणारं बोलणं ही वेगळी गोष्ट, तिथे कायदा हवाच. पण उर्मटपणावर तुरुंग हा इलाज नव्हे.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मग मीही त्या सभ्य माणसांच्या रांगेतच उभा राहिलो असतो, आणि ते खोटं आहे.

माझा होस्टेलचा रूममेट. मोहोळ तालुक्यातला. चार वर्षं एका खोलीत, एका बादलीत आंघोळी केलेला मित्र. नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल लागलेला. माझ्या मनासारखा लागला नव्हता. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर वादावादी सुरू होती आणि मी तावातावाने लिहिलं, की पंधराशे रुपयांत विकले गेलेले लोक, यांची लायकी तेवढीच. लाडकी बहीण योजनेबद्दल होतं ते. पाच-सहा जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याने एकच ओळ लिहिली. "ताईला खुरपणीची दिवसाची मजुरी किती मिळते, माहितीये का तुला?"

त्याची ताई. नवरा गेल्यानंतर गावातच राहते, दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. आम्ही सुट्टीत गेलो की मला ताटात दुसरी भाकरी न विचारता वाढायची. तिला ते पंधराशे मिळत होते. मी तिला विकली गेलेली म्हणालो होतो. तिची लायकी काढली होती.

मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. "विषय बदलू नकोस" असं लिहिलं. तो ग्रुप सोडून गेला.

विषय त्याने बदलला नव्हता. तो प्रश्न म्हणजेच विषय होता! मला त्या योजनेविरुद्ध बोलायचं होतं तर बोलता आलं असतं. तिजोरीवरचा बोजा, निवडणुकीच्या तोंडावरची घाई, रोजगार द्यावा की रोख, कितीतरी मुद्दे होते. त्यांना त्याने उत्तर दिलं असतं, कदाचित माझं मत बदललं असतं, कदाचित त्याचं. पण मी लायकी काढली आणि सगळंच संपलं. इंदापूरच्या सभेतल्या त्या वाक्याला आम्ही टेबलावर हसत होतो, तेव्हा मला माझंच वाक्य आठवत होतं. म्हणूनच तो प्रयोग केला.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतोय. कुठल्याही पुढाऱ्याची शिवीची क्लिप आली की आधी स्वतःला विचारायचं, प्रश्न काय होता? सापडला तर तो पुढे पाठवायचा, क्लिप नाही. सापडला नाही तर काहीच पाठवायचं नाही. यात आवडत्या पक्षाला सूट नाही. देश सुधारेल असा माझा दावा नाही, पण त्या बोलण्याचं मोजमाप आपल्याच बोटांनी होतं. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि दुसरं काम त्याच संध्याकाळी उरकलं. फोन लावला. जवळजवळ पूर्ण रिंग वाजल्यावर त्याने उचलला. मी म्हणालो, "तेव्हा ताईबद्दल घाण बोललो. चुकलो." 'जर' घातला नाही. मग विचारलं, "किती मिळते रे मजुरी?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "अडीचशे. तेही काम असलं तर."

पुढे आम्ही तासभर भांडलो. त्या योजनेवरूनच.