मनोविकारांवरील नोंदी कोणी सुधाराव्यात?

मराठी भाषेला पहिला मोठा आधुनिक ज्ञानकोश देणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. छत्तीसगडच्या या राजधानीत वाढणाऱ्या मराठी मुलामुलींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी नागपूर येथे ज्ञानकोशाच्या कामास हात घातला, ते काम पुढे पुण्यास नेले आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. जे ज्ञान इंग्रजीच्या कपाटात बंद होते ते मराठी माणसाला त्याच्या भाषेत मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

तथापि छापील कोशाला एक मर्यादा असते. ग्रंथ छापून झाला की तो तेथेच थांबतो. ज्ञान मात्र पुढे जात राहते. केतकरांचे खंड प्रसिद्ध होत होते त्या काळी आपल्या देशात १९१२ सालचा ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ लागू होता, आणि त्या कायद्याच्या नावातच रोग्याला वेडा ठरविणारा शब्द होता. उन्माद-अवसादाच्या विकारावर लिथियम गुणकारी ठरते हे ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली दाखविले. तीव्र मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर १९५२ साली फ्रान्समध्ये सुरू झाला. १९२५ साली लिहिलेल्या कोणत्याही कोशात या गोष्टी असणे शक्य नव्हते. त्याबद्दल कोशकाराला दोष देता येत नाही. परंतु तोच जुना खंड आज कोणी प्रमाण मानून वाचला, तर वाचणाऱ्याचे नुकसान होते.

मुक्त कोशाची देणगी आणि जबाबदारी

महाजालावरील मुक्त ज्ञानकोशाने ही मर्यादा दूर केली. इंग्रजी विकिपीडियाचा आरंभ जानेवारी २००१ मध्ये झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या कोशातील लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतो आणि कोणालाही दुरुस्त करता येतो. प्रत्येक दुरुस्तीची नोंद ‘इतिहास’ या सदरात राहते. चुकीचा बदल झाल्यास जुनी आवृत्ती परत आणता येते. मतभेद असल्यास ‘चर्चा’ या पानावर मांडता येतात. केतकरांना ज्या कामासाठी मंडळ, भांडवल आणि छापखाना उभा करावा लागला, त्या कामात आज एखादा शिक्षक शाळेच्या संगणकावर बसून वाटा उचलू शकतो.

परंतु ज्याला कोणीही हात लावू शकतो त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असा समज होण्याचा धोका येथे आहे. डोंगर, नद्या किंवा नाटककार यांच्यावरील नोंद अपुरी राहिली, तर वाचकाचे ज्ञान तेवढे अपुरे राहते. मनोविकारावरील नोंद अपुरी वा चुकीची असली, तर एखाद्या घरातील माणूस उपचारावाचून राहतो. म्हणून मानसिक आरोग्यावरील लेखांची सुधारणा हे काम इतर लेखांच्या आधी आणि अधिक काळजीने झाले पाहिजे.

हे म्हणणे अतिशयोक्त वाटू नये यासाठी एक आकडा पुरेसा आहे. बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली; त्या बारांत छत्तीसगडही होते. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांचा विचार करता ७० ते ९२ टक्के रोगी उपचारापासून दूर होते. औषधे व डॉक्टर यांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. छत्तीसगडचे शासकीय मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरी येथे, म्हणजे रायपूरपासून शंभरांहून अधिक किलोमीटरवर आहे. पण आजार ओळखता न येणे आणि ओळखला तरी लाजेपोटी झाकून ठेवणे, ही कारणेही तितकीच मोठी आहेत. औषधाची कमतरता कोश भरून काढू शकत नाही. अज्ञान आणि लाज यांच्यावर मात्र तो उपाय करू शकतो.

रायपुरातील एखाद्या मराठी कुटुंबाचा विचार करावा. बाजारात, कचेरीत, दवाखान्यात त्यांचा व्यवहार हिंदीत चालतो, शेजारी छत्तीसगढी बोलतात, आणि घरात मराठी. घरातील तरुण मुलगा एकलकोंडा झाला, त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर आई ती गोष्ट महाराष्ट्र मंडळातील ओळखीच्या माणसांपाशीदेखील काढीत नाही. रात्री सर्व निजल्यावर ती मोबाईलवर आपल्या भाषेत शोध घेते. त्या वेळी तिच्यासमोर जो लेख येतो, तोच तिचा पहिला वैद्य असतो. तेथे चार ओळींचे तुटक भाषांतर असेल, तर दुसरा दिवस ती मांत्रिकाच्या दारात काढील. छत्तीसगडात हा धोका काल्पनिक नाही. आजाराचे खापर ‘टोनही’ म्हणून एखाद्या बाईच्या माथी फोडण्याची रूढी एवढी घातक ठरली की २००५ साली राज्याला टोनही प्रताडनेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

तीन दोष

अशा लेखांत मुख्यतः तीन प्रकारचे दोष संभवतात.

पहिला दोष शिळेपणाचा. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या ३०९ व्या कलमानुसार गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला व २९ मे २०१८ पासून अंमलात आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे व तिला शिक्षा करू नये, असे त्याच्या ११५ व्या कलमात सांगितले आहे. तिची काळजी व उपचार यांची जबाबदारीही त्याने शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ व्या कलमातील तो सरसकट गुन्हा उरलेला नाही. आता २०१५ साली लिहिलेला एखादा लेख तसाच पडून असेल, तर ‘हा गुन्हा आहे’ हे वाक्य तेथे अजून उभे असेल. लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. पण ते वाक्य वाचून पोलिसांच्या भीतीने रुग्णालयाची पायरी न चढणाऱ्या कुटुंबाला त्या सच्चेपणाचा काय उपयोग?

दुसरा दोष शब्दांचा. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ब्लॉइलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ साली योजिला. त्याच्या ग्रीक घटकांचा अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होतो. या अर्थाचे शब्दशः भाषांतर करणाऱ्याच्या हातून ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ असा शब्द सहज लिहिला जातो, आणि तो चूक आहे. या विकारात एका देहात दोन माणसे वावरत नसतात. विचार, भावना आणि वास्तवाची जाणीव यांचा मेळ बिघडतो. जपानमध्ये या आजाराच्या नावाचा अर्थ ‘मन फुटण्याचा रोग’ असा होत असे. त्या नावामुळे रोग्यांवर बसणारा कलंक ध्यानात घेऊन तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ साली ते बदलले. ‘नैराश्य’ या शब्दाची अडचण निराळी. परीक्षेत गुण कमी पडले तरी मराठी माणूस नैराश्य आले असे म्हणतो, आणि आजारालाही तोच शब्द लावतो. यास्तव लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट सांगितले पाहिजे की, दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ दररोज मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता यांत बिघाड होणे, ही आजाराची खूण आहे. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याची हवा खाऊन ये’ असे विनोद ज्या भाषेत रुळले आहेत, त्या भाषेत शब्द निवडताना कोशकाराने दुप्पट जपले पाहिजे. ‘वेडा’ हा शब्द कोशात केवळ इतिहास सांगताना यावा.

तिसरा दोष आधाराचा. वर्तमानपत्रातील एखादी बातमी, एखाद्या औषधाची जाहिरात किंवा एकाच प्रयोगाचा निष्कर्ष यांवर वैद्यकीय विधान उभे करणे धोक्याचे असते. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी यासाठी निराळा नियम घालून घेतला आहे. मान्य पाठ्यपुस्तके, अनेक संशोधनांचा साकल्याने आढावा घेणारे लेख आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांची मार्गदर्शक पत्रके, यांचाच आधार शक्यतो द्यावा असा तो नियम आहे. मराठी लेखांनाही तोच लावला पाहिजे.

सामान्यांनी हात घालावा काय?

येथे एक आक्षेप घेतला जातो. मनोविकार हा तज्ज्ञांचा विषय; सामान्य माणसाने त्यात ढवळाढवळ केल्यास अनर्थ होईल, असे पुष्कळांस वाटते. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरता खरा नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नैराश्य व स्किझोफ्रेनिया यांवरील माहिती तपासली होती. इंग्रजी विकिपीडियाची गुणवत्ता एकंदरीत ब्रिटानिका ज्ञानकोश, मनोविकारशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक आणि अन्य प्रमुख संकेतस्थळे यांच्या तोडीची वा त्यांहून सरस असल्याचे त्यात दिसून आले. एका बाबतीत मात्र ती उणी होती: लेख समजण्यास कठीण होते.

यातून दोन बोध घ्यावयाचे. अनेकांनी मिळून, आधार तपासून लिहिलेले लेखन विश्वसनीय होऊ शकते, हा एक. नुसते अचूक असणे पुरत नाही, ते वाचणाऱ्याला कळलेही पाहिजे, हा दुसरा. हा दुसरा बोध मराठीला अधिक लागू पडतो. कारण इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत उतरवून घेतला की त्याचा कठीणपणा तसाच राहतो आणि अचूकपणा मात्र वाटेत सांडतो. शिवाय इंग्रजी लेखात आपला कायदा, आपली रुग्णालये, ‘अंगात येणे’ यासारखे आपल्याकडचे अनुभव यांना क्वचितच जागा असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, ही एक ओळ मराठी वाचकाला परदेशी संशोधनाच्या दहा परिच्छेदांहून मोलाची आहे.

म्हणून तज्ज्ञ की सामान्य, हा प्रश्नच चुकीचा आहे. डॉक्टर विधान खरे की खोटे ते सांगील. भाषेचा जाणकार ते मराठीत नीट बसवील. ज्याच्या घरात हा आजार येऊन गेला आहे तो कोणता शब्द लागतो, बोचतो ते सांगील. आणि ग्रंथपाल आधाराचा ग्रंथ काढून देईल. या चौघांपैकी एकही कमी पडला तर नोंद लंगडी राहील.

शाळा व ग्रंथालये यांचे काम

प्रत्येक मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाने असे एक लहान मंडळ स्थापावे. आरंभी दहाच लेख हाती घ्यावेत: नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, व्यसनाधीनता, स्मृतिभ्रंश, आत्महत्या प्रतिबंध, बौद्धिक अक्षमता, समुपदेशन आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा. बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे. २०१७ च्या कायद्यानेही तिला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले आहे. हा भेद स्पष्ट झाला, तरी पुष्कळ मुलांवरील अन्याय टळेल.

लेख सुधारून झाला की तो आठवी-नववीच्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे तो अडखळेल तेथे वाक्य मोडून सोपे करावे. आत्महत्येसंबंधी लिहिताना तिच्या पद्धतींचे वर्णन करू नये आणि मदत कोठे मिळते ते ठळकपणे सांगावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रसारमाध्यमांना दिलेला सल्ला कोशातही पाळावा. औषधांची मात्रा लिहू नये. ते काम डॉक्टरांचे आहे. कोणाही परिचित रोग्याची हकीकत, नाव गाळूनही, लेखात घालू नये. आणि दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, हे दहा लेख पुन्हा तपासावेत. कारण सुधारलेला लेखही शिळा होतोच.

या कामात कोणाचे नाव मुखपृष्ठावर छापले जाणार नाही आणि मानधनही मिळणार नाही. वाचणारी आई लेख कोणी लिहिला हे कधी विचारणार नाही. मुलाला झाले आहे तो एक आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते कोठे मिळतात, एवढे तिला आपल्या भाषेत कळले म्हणजे झाले. केतकरांच्या जन्मगावातील मराठी माणसांनी या दहा नोंदींपासून आरंभ करावा.