एक जूनची माणसं

परवा मावसभावाचा फोन आला. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, एक ओपन इलेक्टिव्ह घ्यायलाच लागतोय. समाजशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र. मार्क कशात पडतात?"

त्याच्या वयात मीही एवढंच विचारलं होतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. पण लगेच उत्तर देता आलं नाही. एक जून आठवला.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे कर्जाच्या अर्जांचं काम होतं. एकच माणूस नाव थोडं बदलून दोनदा अर्ज करतोय का, हे पकडायचा प्रोग्रॅम मी लिहिला. आडनाव, तालुका आणि जन्मतारीख जुळली आणि नावाचं स्पेलिंग जवळपास असलं, की अर्ज थांबवायचा. टेस्टिंगमध्ये मस्त चालला. खऱ्या अर्जांवर लावला आणि ढिगाने अर्ज अडकले. बहुतेकांची जन्मतारीख १ जून. मी छातीठोकपणे मेल टाकली, की हा डेटा बनावट आहे.

तेव्हा आमचा एक टेस्टर माझ्या डेस्कपाशी आला. मराठवाड्यातल्या लहान गावातला. म्हणाला, "अरे, माझीपण एक जूनच आहे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची हीच."

मग त्याने समजावलं. घरी जन्माची नोंद नाही. शाळा जूनमध्ये सुरू होणार. पोरगं वयात बसावं म्हणून गुरुजींनी दाखल करून घेताना १ जून लिहून टाकली. तीच तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर, तिथून आधारवर, तिथून बँकेत आणि शेवटी माझ्या टेबलात. बनावट काहीच नव्हतं. नियम बदलून, टेस्ट करून, मंजुरी मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. दिवस पेरणीचे होते.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात समाजशास्त्राचा पेपर असता तर काय त्यात एक जूनचा धडा असणार होता? नाही. मान्य. पण 'ही माहिती कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, लिहिताना त्याची काय अडचण होती' हा प्रश्न विचारायची सवय तरी लागली असती. आम्हाला चार वर्षं शिकवलं, की डेटा म्हणजे इनपुट. तो येतो कुठून, हे कुणाच्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

विषय नव्हते असंही नाही हो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी त्याचा अभ्यासक्रम काढला. त्यात शेवटचं युनिट चक्क फील्डवर्कचं आहे! आमचं फील्डवर्क झेरॉक्सच्या दुकानात झालं. सीनियरची फाइल आणायची, नाव बदलायचं, सह्या घ्यायच्या. शिकवणाऱ्यांना रस नव्हता हे खरं, पण आम्हीही काही कमी नव्हतो.

कल्पना तर आणखी जुनी आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालातच सांगितलं होतं, की विद्यापीठातल्या प्रत्येकाला स्वतःच्या विषयापलीकडचं सामान्य शिक्षण मिळायला हवं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीच गोष्ट ओपन इलेक्टिव्ह वगैरे नावांनी पुन्हा आली आहे. नाव कुठलंही द्या, झेरॉक्सचं दुकान तेच राहिलं तर काय उपयोग?

'हे सगळं पुढे वाचून शिकता येतं' असं आमच्या ऑफिसात बरेच जण म्हणतात. येतं, नाही कोण म्हणतंय? पण आपल्याला काय माहीत नाही हेच माहीत नसेल, तर गूगलवर टाइप काय करणार? मला तर शंकाही आली नव्हती. मी थेट निकाल लावून मोकळा झालो होतो. माझ्या शेजारी तो टेस्टर बसत होता, हे माझं नशीब. जे अर्ज अडकले त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं.

म्हणून माझं मत असं, की असे पेपर हवेत आणि सक्तीचे हवेत. फक्त दहा विषयांची तोंडओळख नको. एकच विषय द्या, पण बाहेर जाऊन चार माणसांशी बोलल्याशिवाय मार्क देऊ नका.

असो. भावाला म्हटलं, समाजशास्त्र घे, मार्कांचं बघू. आणि पहिली असाइनमेंट माझ्याकडून: आजीला तिची जन्मतारीख विचार.

रात्री त्याचा मेसेज आला. आजी म्हणते, गांधीजी गेले त्या थंडीतला तिचा जन्म. आणि आधारवर? १ जून १९४८.

माझीच आजी. आणि मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.