गावची कूड मुलींनाही हवी


मुंबईला मुलाखतीला गेलेल्या पोराचा निम्मा खिसा लॉजच्या भाड्यातच रिकामा होतो. आम्हा गोंयकारांनी यावर तोड फार पूर्वीच काढली, ती म्हणजे धोबीतलाव भागातली गावोगावची कूड. पेटी ठेवायची, जमिनीवर अंथरूण पसरायचे, संध्याकाळी वेदीपुढे सगळ्यांबरोबर रोझरी म्हणायची, आणि बोटीवर काम मिळेपर्यंत थोडक्या पैशांत राहायचे. जेर महालात अशा कितीतरी कुडी नांदल्या.

तेव्हा बोटीवर जाणारे पुरुषच, म्हणून कुडीही त्यांच्याच. आता नर्सिंग, हॉटेल, क्रूझ, सगळीकडे मुलीही मुलाखतीला जातात. त्यांनी उतरायचे कुठे? गावच्या मंडळींनी वर्गणी काढून आतून कडी लागणारी एक खोली आणि वेगळी न्हाणी एवढी तरी सोय करावी. लेकीसुद्धा गावच्याच ना?