पाळक घडतो कोणासाठी?

वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. फ्री मेथॉडिस्ट मिशनच्या तेथील प्रशिक्षण शाळेतून ती वाढली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण पाळकपणाचे शिक्षण घेण्यासाठी वऱ्हाडात येऊ लागले. तीस वर्षांनी, १९८३ साली, ही संस्था पुण्याला हलली. मोठ्या शहरातील ग्रंथालये व विद्यापीठीय वातावरण यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु कापसाच्या काळ्या मातीतून विद्यापीठ उठून जाते, तेव्हा मागे राहिलेल्या माणसांशी त्या विद्येचे नाते काय उरते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

वाशीम शहरात नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. मिशनने धर्मोपदेशाबरोबर औषधपाणीही आणले, हे त्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की पैसा, अधिकार आणि धोरण दीर्घकाळ परदेशी मंडळांच्या हाती राहिले. नारायण वामन टिळकांना ही विसंगती बोचली होती. अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवणाऱ्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ती धर्म या भूमीच्या भाषेत व रीतीत रुजला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते.

आता मूळ मुद्दा. ग्रामीण महाराष्ट्रातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे दलित जातींतून आलेली आहेत. त्यांना धर्म बदलून उपासनेत समता मिळाली असेलही. गावाने जात मात्र विसरली नाही आणि राज्यसंस्थेनेही एका परीने दुटप्पीपणा केला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राखला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेर राहिले. मद्रासमधील एका चर्मकाराला केवळ ख्रिस्ती म्हणून सरकारी टपरी नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याची मागणी फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीमुळे तितकेच हाल होतात, याचा पुरेसा पुरावा समोर नाही, असे कारण देण्यात आले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा धर्मभेद काढून टाकण्याची शिफारस केली. त्यानंतर २०२२ साली दुसरा आयोग नेमण्यात आला. आयोगांची संख्या वाढते. न्याय तेथेच थबकतो.

अशा मंडळीकडे जाणाऱ्या तरुण पाळकाला पवित्र शास्त्राचा अर्थ लावता यावा, हे योग्यच. पण त्याला शेतमजुराची मजुरी, शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि सावकाराचे व्याज यांचाही अर्थ लावता आला पाहिजे. त्याचे शिक्षण इंग्रजीत आणि त्याच्या लोकांचे जगणे मराठी व बंजारा बोलीत, ही दरी पाळकाला त्याच्याच माणसांत परका करते. मंडळीच्या आतही जात पाळली जात असेल, तर त्याविरुद्ध बोलण्याचे बळ विद्यालयानेच त्याला दिले पाहिजे.

समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका येथे दुहेरी आहे. धर्मप्रशिक्षण संस्थांवर संशयाचे रान उठवणाऱ्यांना त्याने संविधानाचे २५ वे व ३० वे कलम दाखवावे. श्रद्धेचे स्वातंत्र्य ही बहुसंख्याकांची मेहेरबानी नव्हे. त्याच वेळी १९५० च्या आदेशातील धर्मभेद रद्द करण्याच्या मागणीसाठी ख्रिस्ती दलितांच्या बाजूने उभे राहावे. वाशीम-यवतमाळच्या गावांत पाळक आणि कार्यकर्ता एकाच मजुराच्या दारात भेटतात. त्या दारात दोघांनी एकमेकांकडे परका म्हणून पाहू नये, एवढे जरी साधले तरी पुष्कळ काम होईल.