दुपारच्या पाळीतील मुलगे

बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलास केंद्रीय विद्यालयात प्राधान्य असते. खानापूर-आटपाडीकडून दिल्लीत आलेल्या गलाई कारागिराच्या मुलासमोर मात्र बहुधा सरकारी मुलग्यांची शाळाच उरते. तेथे प्रवेशपरीक्षा नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत अशी चाळणी निषिद्धच ठरवली आहे. परंतु राजधानीतील अनेक शाळांच्या इमारतींत सकाळी मुली आणि दुपारी मुलगे अशी वाटणी आहे. पालक दहावीच्या निकालाची टक्केवारी पाहतात, पाळी पाहत नाहीत. (नववीतच गळालेली मुले त्या टक्केवारीत नसतात, हे सोयीस्करच.) सकाळ मोकळी असलेला मुलगा हळूहळू भट्टीपाशी बसू लागतो. म्हणूनच प्रवेशापूर्वी मुख्याध्यापकांना विचारावे: सहावीत आलेल्यांपैकी दहावीला किती बसले?